फॅट बर्नरची डबी उघडण्याआधी: चरबी उतरवायला कॅफिन घेणाऱ्यांसाठी नीट क्रम

इंदूरला राजेंद्रनगर भागात माझं औषधांचं दुकान आहे. वजन उतरवायचं म्हणून कॅफिनच्या गोळ्या, फॅट बर्नरची, म्हणजे चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलची डबी किंवा जिममधून आणलेली पावडर घेणारी माणसं काउंटरवर सारखी येतात, आणि बहुतेकांचा क्रम उलटा असतो. डबी आधी विकत घेतात, चार दिवस घेतात, छातीत धडधडायला लागलं की विचारायला येतात. मग बोलता बोलता कळतं की दिवसाचा चहा मोजलेलाच नाही, रक्तदाब वर्षभरात पाहिलेला नाही, आणि थायरॉइडची गोळी काळ्या कॉफीबरोबर घशाखाली जाते आहे.

म्हणून क्रम लिहून देते आहे. हा क्रम निरोगी, प्रौढ माणसासाठी आहे. टप्पे गाळू नका आणि मागचे पुढे करू नका. सातव्या टप्प्यातली धोक्याची लक्षणं मात्र घरातल्या सगळ्यांना आजच वाचून दाखवा.

सुरुवातीला एक हिशेब

कॅफिनने चरबी किती जळते, हे आकड्यात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शंभर मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर विश्रांतीच्या अवस्थेतला शरीराचा खर्च साधारण अडीच तासांपर्यंत ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला अंदाजे १ कॅलरी खर्च करतो. म्हणजे अडीच तासांत १५० कॅलरी, आणि त्याचे ४ टक्के म्हणजे ६ कॅलरी. साखरेच्या एका सपाट चमच्यात, म्हणजे ४ ग्रॅम साखरेत, १६ कॅलरी असतात.

जास्त घेतलं तर? १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दिवसभरात १०० मिलिग्रॅमच्या सहा मात्रा दिल्या. सडपातळ लोकांचा दिवसाचा खर्च सुमारे १५० कॅलरींनी वाढला. आधी लठ्ठ असून वजन उतरवलेल्यांचा फक्त ७९ कॅलरींनी. ज्यांचा कल वजन वाढण्याकडे, त्यांनाच फायदा निम्मा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. ७९ ने भागलं तर एका किलोला ९७ दिवस लागतात. तेही रोज ६०० मिलिग्रॅम घेऊन, जे सुरक्षित मर्यादेच्या बरंच वर आहे. शिवाय सवय झाली की हा परिणाम ओसरत जातो, तो भाग वेगळाच.

मग उपयोग कशात आहे? थकवा जाणवून देणारा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत ज्या जागी चिकटतो, ती जागा कॅफिन अडवतं. त्याबरोबर ॲड्रिनॅलिन वाढतं आणि चरबीच्या पेशींमधून मेदाम्लं रक्तात सुटतात. सुटली म्हणजे जळली नव्हे. स्नायूंनी ती वापरली नाहीत तर ती परत साठवणीत जातात. म्हणून कॅफिन घेऊन खुर्चीत बसणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. चालणाऱ्याला एवढाच लाभ होतो की त्याला थकवा कमी वाटतो आणि तो आणखी एक फेरी मारू शकतो. अर्धा तास झपझप चालण्याने साठ-पासष्ट किलोच्या माणसाच्या सव्वाशेच्या आसपास कॅलरी जातात. खरं काम पायांचं आहे. हे ज्यांना पटलं, त्यांनीच पुढे वाचावं.

टप्पा १: कोणी इथेच थांबायचं

हृदयाचे ठोके अनियमित असणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, थायरॉइडचं काम गरजेपेक्षा वाढलेले (हायपरथायरॉइड), फिट येणारे, पॅनिकचा किंवा तीव्र चिंतेचा त्रास असलेले, पोटात अल्सर असलेले यांनी वजनासाठी कॅफिन घेऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलांनी तर नाहीच. गरोदर बाईसाठी दिवसभराचं सगळं कॅफिन, चहा धरून, २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही तोच आकडा. या काळात वजन उतरवण्याच्या गोळीचा विचारही करायचा नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. टाइप २ मधुमेहात कॅफिनमुळे जेवणानंतरची साखर जास्त चढू शकते.

आता औषधं. माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

कॅफिन यकृतातल्या एका ठरावीक विकरामार्फत (एन्झाइममार्फत) मोडतं, आणि तेच विकर आणखी काही औषधांना लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुवॉक्सामिन हे मानसिक आजारांवरचं औषध चालू असेल तर त्या विकराचं काम मंदावतं आणि नेहमीच्या चहाचंही कॅफिन अंगात साठून राहतं. दम्यासाठी देतात ते थिओफायलिन तर कॅफिनचं सख्खं भावंड. दोन्ही एकत्र आली की हात थरथरणं, मळमळ, धडधड असा दोघांचा त्रास एकावर एक चढतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये कॅफिन अंगातून जायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. सर्दीच्या काही गोळ्यांत फिनायलेफ्रिन असतं, तेही रक्तदाब वर नेतं.

थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन गोळी कॉफीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर चहा-कॉफी नाही. एक वहिनी गोळीचा डोस दोनदा वाढवून आल्या होत्या, वजन हलत नव्हतं. गोळी कशाबरोबर घेता, असं विचारलं तेव्हा कळलं की वजन उतरवायला म्हणून सकाळी उठल्याबरोबर काळी कॉफी सुरू केली होती आणि गोळी त्याच घोटाबरोबर जात होती. लोहाच्या गोळ्यांचंही असंच. चहा-कॉफीतल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जात नाही, म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगते.

सिगारेट सोडलेल्यांसाठी एक गोष्ट. सिगारेटच्या धुरामुळे ते विकर जोरात चालतं आणि कॅफिन लवकर मोडतं. सिगारेट सुटली की तोच चार कप चहा अंगावर जास्त येतो, झोप उडते, बेचैनी वाढते. माणसाला वाटतं हे सगळं सिगारेट सोडल्यामुळेच आहे. चहा निम्म्यावर आणून पाहा.

*तपासणी:* घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आपल्या औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना दाखवा. नावं तोंडी सांगू नका, निम्मी विसरली जातात.

टप्पा २: तीन दिवसांची वही

या तीन दिवसांत नवीन काहीही घ्यायचं नाही. फक्त लिहायचं.

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून मनगटावर नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यावर चुका होतात. रक्तदाब घरच्या यंत्रावर किंवा दुकानात पाहून घ्या, पण त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नको. वाचन १४०/९० किंवा त्याहून वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. तेव्हाही तसंच आलं तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

मग दिवसभराचं कॅफिन. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटरच्या एका कपासाठी आकडे दिले आहेत: चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोप-अमेरिकेत निरोगी प्रौढाला ४०० पर्यंत चालतं असं म्हणतात. मी आपल्यासाठी ३०० च धरायला सांगते, कारण आपला चहा उकळून उकळून केलेला असतो आणि त्यात नेमकं किती उतरलं ते घरात कोणीच सांगू शकत नाही.

इंदूरच्या घरातला दिवस मोजून पाहू. सकाळी सहाला एक चहा. पोहे-जिलेबीबरोबर दुसरा. ऑफिसात अकराला तिसरा. चारला चौथा. संध्याकाळी कोणी ओट्यावर भेटायला आलं की पाचवा, त्याला नाही म्हणता येत नाही. कपाला सरासरी ५० धरले तरी २५०. यात दुपारची एक इन्स्टंट कॉफी आली की ३१०. मर्यादा ओलांडली, आणि फॅट बर्नर अजून उघडलेलाही नाही. त्यातली २०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घातली तर ५१०.

वहीत या गोष्टी सुटतात: कोला, ग्रीन टी, डार्क चॉकलेट, एनर्जी ड्रिंक, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या. डोकेदुखीच्या पट्टीवर पॅरासिटामॉलच्या शेजारी कॅफिनचे मिलिग्रॅम छापलेले असतात, ते वाचा. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडच्या नियमाने लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅमची परवानगी आहे, म्हणजे पाव लिटरच्या डब्यात ७५ पर्यंत.

*तपासणी:* तीन दिवसांची बेरीज करून सरासरी काढा. ती ३०० च्या वर असेल तर तुमच्यासाठी पुढचं काम कॅफिन घेण्याचं नाही, कमी करण्याचं आहे. सरळ टप्पा ८ वर जा.

टप्पा ३: आधी कपातलं काढा

हा टप्पा लोकांना फार साधा वाटतो आणि म्हणून ते तो गाळतात. पाच चहा, प्रत्येकात दोन सपाट चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. साखर निम्मी केली की रोजच्या ८० कॅलरी वाचल्या. वरच्या अभ्यासात ६०० मिलिग्रॅम कॅफिनने जे ७९ मिळाले, ते इथे चमचा बदलून मिळतात, आणि नाडी जागच्या जागी राहते.

साखर एकदम बंद करू नका. दर चार दिवसांनी पाव चमचा उतरवा. जीभ तेवढ्यात जुळवून घेते.

काळ्या कॉफीत तूप घालून पिणारेही बरेच झाले आहेत. चहाच्या एका चमच्याएवढ्या तुपात ४५ कॅलरी असतात, त्या कॉफीच्या ६ कॅलरींनी फिटत नाहीत. तूप पोळीवर घ्या. लिंबू पिळल्यानेही कॉफीची चरबी जाळण्याची ताकद वाढत नाही; ज्यांना आम्लपित्त आहे त्यांची जळजळ मात्र वाढते.

टप्पा ४: घड्याळ ठरवा

कॅफिन रक्तात पूर्ण चढायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, आणि निम्मं उतरायला सरासरी पाच तास. माणसागणिक हे दीड तासापासून नऊ तासांपर्यंतही असू शकतं. दुपारी चारला २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला १०० अंगात आहे, आणि मध्यरात्रीनंतर दोनला ५०. म्हणजे रात्री दोनला चहाचा एक कप पिऊन झोपल्यासारखं.

२०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप एक तासापेक्षा जास्त कमी झाली होती. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तळलेलं खावंसं वाटतं, आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत पाय वळतात. कॅफिनने मिळवलेल्या सहा कॅलरी तिथे गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, पहिल्या तुकड्यालाही पुरत नाहीत.

नियम असा ठेवा: झोपायच्या वेळेच्या आठ तास आधी शेवटचं कॅफिन. साडेदहाला झोपत असाल तर दुपारी अडीच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर दुपारी बारानंतर नाही. यात चारचा चहाही आला. तो सोडवत नसेल तर निदान पुढचे दोन आठवडे त्या वेळी लिंबूपाणी किंवा ताक घ्या.

*सावधान:* संध्याकाळी सातला जिमला जाणाऱ्यांनी प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची कॅफिनची पावडर, घेऊच नये. यात मी कोणालाही सूट देत नाही. व्यायाम सकाळी हलवता येत असेल तर हलवा, नसेल तर बिनकॅफिनचा करा.

टप्पा ५: डबी घेतलीच असेल तर लेबल असं वाचा

माझा सल्ला साधी कॉफी घेण्याचा आहे, तो पुढच्या टप्प्यात येतो. पण डबी घरात येऊन पडली असेल तर उघडण्याआधी इतकं पाहा.

एक, कॅफिनचे मिलिग्रॅम स्पष्ट लिहिलेत का. नुसतं "ब्लेंड" म्हणून सगळ्याचं मिळून एकच वजन दिलं असेल तर ती डबी परत करा. दोन, लिहिलेला आकडा किती कॅप्सूलचा आहे. पुष्कळदा मोठ्या अक्षरात आकडा असतो आणि बारीक अक्षरात "एक मात्रा म्हणजे दोन कॅप्सूल". तीन, कॅफिन दुसऱ्या नावाने आहे का: ग्वाराना, कोला नट, येर्बा माते, ग्रीन कॉफी बीन अर्क. कॅफिन अनहायड्रस म्हणजे पाण्याचा अंश काढलेलं शुद्ध कॅफिन. ही सगळी एकाच डबीत असली तर बेरीज करावी लागते. चार, सिनेफ्रिन किंवा कडू संत्र्याचा अर्क, योहिम्बीन अशी नावं दिसली तर घेऊ नका. कॅफिनबरोबर ती हृदयावर आणि रक्तदाबावर आणखी ताण आणतात.

एफेड्रा ही उत्तेजक वनस्पती आणि कॅफिन यांची जोडी एके काळी परदेशात वजन उतरवण्यासाठी खूप विकली जायची. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्राची पूरकं बंद केली. सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधावर भारताने २०११ मध्ये बंदी आणली, पण जगभर "हर्बल" म्हणून विकलेल्या गोळ्यांमध्ये ते लपवून घातलेलं अजूनही सापडतं. म्हणून बिनबिलाची, सुट्या पुडीतली, ओळखीच्या माणसाने आणून दिलेली गोळी घेऊ नका, ती कितीही आयुर्वेदिक म्हणून सांगितली तरी.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या पेल्यातल्या ग्रीन टीसारख्या निरुपद्रवी नसतात. त्यातल्या ईजीसीजी या घटकाचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झालं तर यकृताला इजा होण्याची चिन्हं दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यांपैकी काहीही जाणवलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा.

*तपासणी:* डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा अंकी परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि "औषधी वापरासाठी नाही" ही सूचना आहे का? परवाना असला म्हणजे गोळीने चरबी जळते याची हमी मिळाली असं नाही; बनवणाऱ्याचा पत्ता लागतो, इतकाच त्याचा अर्थ.

*सावधान:* शुद्ध कॅफिनची सुटी पावडर घरात आणूच नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाने तिचा एक छोटा चमचा म्हणजे जवळपास २८ कप कॉफी. थोड्या वेळात १,२०० मिलिग्रॅम पोटात गेलं तर फिट येऊ शकते. स्वयंपाकघरातल्या चमच्याने ही पावडर मोजणं अशक्य आहे.

टप्पा ६: पहिली मात्रा

दिवस निवडा. उपास नको, ताप-सर्दी नको, आदल्या रात्री जागरण नको, लांबचं गाडी चालवणं नको. चतुर्थी-एकादशीला कित्येकजण दिवसभर चहावरच काढतात आणि वर वजनही उतरेल म्हणून कॉफी वाढवतात. रिकाम्या पोटी हे चढतं, हात कापतात, संध्याकाळी डोकं धरतं, आणि मग उपास सोडताना साबुदाण्याची दोन ताटं जातात. उपासाच्या दिवशी कॅफिन नेहमीपेक्षा कमी घ्या.

सकाळी थोडं काही खा: अर्धं केळं, मूठभर फुटाणे. मग इन्स्टंट कॉफीचा एक सपाट छोटा चमचा, साधारण २ ग्रॅम, १५० मिलिलिटर गरम पाण्यात. बिनसाखरेची. यात ६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन जातं. चिकोरी मिसळलेली कॉफी असेल तर त्याहून कमी. म्हणून पाकिटावर चिकोरीची टक्केवारी पाहून ठेवा.

आणि या कॉफीच्या बदल्यात सकाळचा एक चहा गाळायचा. नेमकी इथेच गफलत होते. लोक चहा तसाच ठेवून कॉफी वर घेतात. ही अदलाबदल आहे, भर नाही.

कॉफीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने चालायला निघा. आमच्याकडून पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क जवळ पडतं. नेहरू पार्क किंवा मेघदूत ज्यांना सोयीचं त्यांनी तिथे जावं. वेग असा ठेवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी परत या. उन्हाने नाडी आधीच वाढलेली असते, त्यात कॅफिनची भर नको. पाणी नेहमीसारखं प्या.

*सावधान:* "वीस मिनिटं झाली, काहीच वाटत नाही" म्हणून दुसरा कप घेऊ नका. चढायला तासभर लागतो. तेव्हा दोन्ही एकदम चढतात. दुसरं काहीही घ्यायचं तर किमान चार तासांनी, आणि तेही टप्पा ४ च्या घड्याळाच्या आत.

खेळाडूंसाठी वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमचे आकडे तुम्ही ऐकले असतील. ते स्पर्धेतल्या कामगिरीसाठी आहेत. सत्तर किलोच्या माणसाला ६ च्या हिशेबाने ४२० मिलिग्रॅम एका वेळी होतात, आणि एका वेळची सुरक्षित मर्यादा २०० मानतात. सकाळी चालायला जाणाऱ्या माणसाने १०० च्या पुढे जाण्याचं काहीच कारण नाही, असं माझं ठाम मत आहे.

टप्पा ७: दोन आठवडे पाहा, आणि धोका ओळखा

वहीत रोज चार नोंदी: सकाळची नाडी, झोपेचे तास, किती मिनिटं चाललात, कॅफिनची बेरीज. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. पहिल्या चार दिवसांत काट्यावर अर्धा-एक किलो कमी दिसलं तर ते पाणी आहे आणि साफ झालेलं पोट आहे. कंबर जागेवर असेल तर चरबी हललेली नाही.

सकाळची नाडी तुमच्या पहिल्या तीन दिवसांच्या सरासरीपेक्षा सलग तीन दिवस दहाने जास्त दिसली, झोप रोज तासभर कमी झाली, किंवा उगीच चिडचिड, हात थरथरणं सुरू झालं तर थांबा. मात्रा वाढवून हा त्रास मोडत नाही. चालण्याची मिनिटं वाढलेली नसतील तरीही थांबा, कारण मग कॅफिनने तुमचं कोणतंच काम केलेलं नाही.

आता तातडीची लक्षणं. छातीत दुखणं किंवा दडपण, ठोके चुकल्यासारखे वाटणं, विश्रांतीतही नाडी १२० च्या वर राहणं, पुन्हा पुन्हा उलटी, चक्कर येऊन पडणं, फिट, भलतंच बोलणं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा.

गेल्या वर्षी भंवरकुआ भागात कोचिंगसाठी राहणाऱ्या एका मुलाला त्याचे मित्र रात्री दुकानात घेऊन आले. पावडरच्या डब्यातला मापाचा चमचा हरवला होता, म्हणून त्याने जेवणाचा चमचा भरून कोरडीच तोंडात टाकली होती. हात बर्फासारखे, घाम, नाडी मोजता येईना इतकी जलद. मित्र लिंबूपाणी पाजत होते आणि घशात बोटं घालायला सांगत होते. मी सगळं थांबवलं, १०८ बोलावली आणि डबा त्याच्याबरोबर पाठवला. दोन दिवस रुग्णालयात राहून तो बरा झाला. माझ्याकडे येण्यात गेलेली पाऊण तासाची वेळ वाचायला हवी होती.

म्हणून हे नीट ध्यानात ठेवा. उलटी करवू नका. फिट आली तर उलटी श्वासनलिकेत जाते. "उतरवायला" दूध, ताक, लिंबू, झोपेची गोळी काही देऊ नका. माणसाला एकटं सोडू नका, स्कूटरवर मध्ये बसवून नेऊ नका. डबा किंवा पट्टी बरोबर द्या आणि किती वाजता किती घेतलं ते कागदावर लिहून द्या. रुग्णालयात उपचार त्यावरून ठरतात.

टप्पा ८: कमी करताना, सोडताना

दोन आठवड्यांनंतर, किंवा मोजणीतच ३०० च्या वर निघाला असाल तर आधीच, हा टप्पा येतो. एकदम बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पेंग येते, मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी हे सगळ्यात जास्त असतं आणि दोनपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतं. पुष्कळजण इथेच घाबरून परत डबीकडे वळतात, आपल्याला अशक्तपणा आला असं समजून. तो अशक्तपणा नसतो.

दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. सगळ्यात आधी संध्याकाळचा काढा, मग चारचा, मग अकराचा. सकाळचा पहिला शेवटपर्यंत राहू द्या. ज्याला कप मोडवत नाही त्याने कप छोटा करावा किंवा चहापत्ती निम्मी घालून आलं-गवती चहा वाढवावा. घरात चहाला नाही म्हणून वाद नकोत. डबीतली कॅप्सूल चालू असेल तर ती मात्र पहिल्या दिवशीच बंद, आणि त्या दिवसांत चहा नेहमीइतका ठेवा म्हणजे डोकं फार धरणार नाही.

डोकं दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल, तुम्हाला चालत असेल तर. कॅफिन मिसळलेली गोळी घेतली की लगेच बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

चालणं या दिवसांत थांबवू नका, हवं तर दहा मिनिटांनी कमी करा. शेवटचा कप कमी केल्यापासून दहाव्या दिवशी, चहाच्या आधी, पाच मिनिटं बसून पुन्हा नाडी मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.